चादरींच्या टेबलावरची बाई

नाना : टेंपोतून गेलीस? साईनाथच्या शेजारी बसून?

मालती : मग काय टपावर बसू? चांगली ऐसपैस गेले. नेरळला त्याने पेरू घेऊन दिला, तो खात खात घाट चढले. आपल्या लाँड्रीचाच टेंपो आहे, नाना. तुझ्या गाडीपेक्षा स्वच्छ ठेवलाय त्याने.

नाना : अगं ताई, तू भागीदार आहेस इथली. शाळेची मुख्याध्यापिका होतीस, अर्धं कर्जत तुझ्या हाताखालून गेलंय. धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांबरोबर माथेरानला जायचं हे वय आहे का? लोक काय म्हणतील?

मालती : म्हणतील, मालतीबाई गाठोड्यांबरोबर माथेरानला गेल्या. खरं तेच म्हणतील. तो पंखा माझ्याकडे फिरव आणि पाणी दे. साडी बघ, गुडघ्यापर्यंत लाल माती आहे. घरी न जाता थेट तुझ्या ऑफिसात आलेय. पाचच्या आत पोचायचं होतं.

नाना : पाच वाजता काय आहे?

मालती : मला विचारतोस? पाच वाजता तू नंदाला कामावरून काढणार आहेस. काल संध्याकाळी माइकवरून जाहीर केलंस ना. बॉयलर चालू होता तरी बाहेरच्या पानवाल्याला ऐकू गेलं. आज मला विचारत होता, कोणती हो ती बाई?

नाना : पारदर्शकता म्हणतात त्याला. खालापूरच्या शिबिरात आम्हाला शिकवलंय. जबाबदारी निश्चित करा, सर्वांसमक्ष करा आणि लगेच करा.

मालती : ते एक्स्प्रेस वेजवळच्या रिसॉर्टातलं शिबिर ना? निखाऱ्यांवरून चालवलं होतं तुम्हाला. नंतर मी तुझ्या तळपायांना मलम लावत होते. त्यांनी जबाबदारी निश्चित करा म्हटलं असेल. तू बळीचा बकरा निश्चित करतोस.

नाना : मग काय करू? देवेशचा परत फोन आला. कड्यावरच्या हॉटेलचा मॅनेजर. पुण्याचं नवं जोडपं उतरलेलं, खोलीत शिरतं तर उशीच्या अभ्र्यावर बाजारातल्या लॉजचं नाव. ती मुलगी म्हणाली, आम्हाला लॉजमधलं वापरलेलं अंथरूण घातलंय. सगळ्या हॉटेलात बोभाटा. देवेश म्हणाला, आणखी एकदा झालं तर धुलाई दुसऱ्याला देईन. ताई, ते हॉटेल गेलं तर निम्मी लाँड्री गेली म्हणून समज.

मालती : आणि ते जाऊ नये म्हणून नंदाला घालवायचं.

नाना : टेबलावर ती बसते. कुठली चादर कोणत्या हॉटेलच्या गाठोड्यात घालायची, हे काम तिचं. चादरी इकडच्या तिकडे गेल्या म्हणजे चूक तिची. यात कसला वाद घालतेस?

मालती : तिच्याआधी त्या टेबलावर कोण होतं?

नाना : कोंडी. निष्काळजी बाई.

मालती : तिला काढलीस. चादरी गेल्या का मग आपापल्या घरी?

नाना : आठवडाभर गेल्या.

मालती : नंतर?

नाना : नंतर परत सुरू झालं.

मालती : कोंडीच्या आधी कोण?

नाना : होती एक, गोदा नावाची. ती तर कोंडीपेक्षा वाईट. शिमग्याला काढली.

मालती : म्हणजे बाई बदलली, चूक तीच राहिली. परत बाई बदलली, परत तीच राहिली. शाळेत एका बाकावरची मुलं पावसाळ्यात भिजायची. मी मुलांना नव्हते काढत. वर कौलाकडे बघत होते.

नाना : ही शाळा नाही, ताई. इथे धंदा चालतो. आणि मला माणसं कळतात. उभा जन्म माणसांत गेलाय माझा. एक नजर टाकली की कळतं, हा कामाचा का बिनकामाचा.

मालती : हो ना. तरी त्या टेबलावर कॅमेरा लावलास. नजर कमी पडली वाटतं.

नाना : कॅमेरा हवाच.

मालती : काय दिसलं त्यात?

नाना : मोजताना दिसते.

मालती : नीट मोजते?

नाना : तसं नीटच मोजते. कोपऱ्यातलं नाव बघते, घडी घालते, बरोबर गाठोड्यात ठेवते. तेच मला खटकतं. कॅमेऱ्यासमोर इतकं नीट कोण वागतं?

मालती : वा रे वा. चुकली तर काढायची, नाही चुकली तर संशय घ्यायचा. छापा तुझा, काटाही तुझा. अरे, तुझ्या डोळ्यांसमोर पुरावा पडलाय की टेबलावर काही चुकत नाही. तर तू पुराव्यावरच रागावलास.

नाना : तुला त्या नंदाचा एवढा पुळका का, ते आधी सांग.

मालती : सांगते. उद्या सकाळी तिच्या वाडीवर वीटभट्टीची गाडी येतेय. दिवाळी झाली की येतेच. माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं सगळी भरून नेते, ती पाऊस तोंडावर आला की परत आणून सोडते. पोरांची शाळा तिथेच बुडते. मी मुख्याध्यापिका असताना दिवाळीनंतर हजेरी घ्यायचे, तर त्या वाडीच्या नावांना कोणी ओ देत नसे. या नोकरीमुळे नंदा गेल्या वर्षी पहिल्यांदा गेली नाही. तिच्या दोन्ही पोरी वर्षभर शाळेत होत्या. तू आज तिला काढलंस की उद्या ती गाडीत. पोरी पण गाडीत. समजलं का पुळका?

नाना : मला वाईट वाटतं. पण लाँड्री म्हणजे धर्मादाय संस्था नाही.

मालती : दया मागायला नाही आले मी. दया तुझ्याकडे ठेव, शिबिरात उपयोगी पडेल. मी काय बघितलं ते सांगायला आलेय. तो फोन उपडा ठेव आणि ऐक.

नाना : ठेवला. बोल.

मालती : काल संध्याकाळी नंदाने गाठोडी बांधली तेव्हा मी शेजारी उभी होते. लॉजचं पिवळ्या कापडात, कड्यावरच्या हॉटेलचं निळ्या कापडात. एकही चादर चुकीची नव्हती. गाठीवर मी माझ्या हाताने सुतळी बांधली, सुरगाठ नव्हे, चांगली आवळून. सकाळी दस्तुरीला टेंपोतून उतरवली तेव्हा सुतळी जशीच्या तशी होती.

नाना : दस्तुरीपर्यंत आपलं काम. त्यापुढे माथेरानात गाडी जात नाही. त्यापुढे घोडे.

मालती : त्यापुढे घोडे. आणि घोड्यांच्या मागे तू कधी गेलायस?

नाना : मी कशाला जाऊ? माल पोचवला, साईनाथने गाडी वळवली, संपलं.

मालती : तुझं संपतं तिथेच सगळं सुरू होतं. मालोजी घोडेवाल्याने दोन्ही गाठोडी हातात तोलून बघितली. कड्यावरच्या हॉटेलचं जड, लॉजचं हलकं. असायचंच, ते केवढं आणि हे केवढं. आता घोड्याच्या एका अंगाला जड गाठोडं आणि दुसऱ्या अंगाला हलकं लटकवून चालेल का? खोगीर फिरेल, घोडा कलंडेल. मग त्याने काय केलं असेल?

नाना : काय केलं?

मालती : माझी सुतळी सोडली. निळ्या गाठोड्यातला चादरींचा गठ्ठा उचलला आणि पिवळ्यात कोंबला. परत बांधलं, परत तोललं, वजन सारखं झालं. मी म्हटलं, अहो, हे काय चाललंय? तर म्हणाला, बाय, घोडा दरीत घालू का? लॉजच्या दारात परत काढून देतो की.

नाना : मग देतो का काढून?

मालती : देतो. प्रामाणिक माणूस आहे. लॉज आधी लागतं. तिथे पायरीवर पिवळं गाठोडं सोडलं आणि त्यातून जेवढा घातला होता तेवढा गठ्ठा काढून निळ्यात टाकला. पण तो गठ्ठा तोच नव्हे. वाटेत सगळं हिंदकळून एक झालेलं, वरचं हाताला लागेल ते काढलं. आज लॉजचे अभ्रे कड्यावर गेले आणि कड्यावरच्या चादरी लॉजवर राहिल्या. मी पायरीवर उभी राहून बघत होते. लॉजवाल्याने मला चहा दिला.

नाना : म्हणजे रोज?

मालती : रोज. ज्या दिवशी नशिबाने बरोबर गठ्ठा हाताला लागतो, त्या दिवशी तू म्हणतोस बाई सुधारली. लागत नाही त्या दिवशी तू माइक काढतोस.

नाना : म्हणजे चूक मालोजीची.

मालती : आला. मला वाटलंच, येणार. अरे, मी इतका वेळ काय सांगितलं? तुला फक्त नाव ऐकू आलं.

नाना : मग त्याला बदलू. दुसरा घोडेवाला बघू.

मालती : दुसऱ्याचा घोडा एका अंगाने चालतो का?

नाना : कोणाची तरी चूक असणारच ना, ताई. आपोआप कशी होईल?

मालती : कोण, कोण, कोण. घुबडासारखा एकच प्रश्न घेऊन बसलायस. उद्या त्या घोड्याला माइकसमोर उभा करशील आणि त्याच्याकडून माझी चूक म्हणून घेशील. बरं, घोडे आले कधीपासून आपल्याकडे? आधी तर हातगाडीवरून जायची गाठोडी.

नाना : संक्रांतीपासून. तो हातगाडीवाला उर्मट होता. मला उलट बोलला, म्हणून बंद केला.

मालती : काय बोलला?

नाना : गाठोडी ओली येतात, जड होतात, म्हणाला. मला शिकवायला लागला.

मालती : हातगाडीवर गाठोडं ठेवलं की ठेवलं. जड मागे, हलकं पुढे. तोलायचं कारण नाही, सोडायचं कारण नाही. संक्रांतीला गाडी गेली, शिमग्याला गोदा गेली. मध्ये तुला काहीच शंका आली नाही?

नाना : म्हणजे शेवटी चूक माझी. हेच म्हणायचंय ना तुला? मोठी बहीण म्हणून म्हण.

मालती : म्हणणार होते. घाट उतरताना अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मग म्हटलं, नको. तुझी चूक म्हटलं की तू माइक घेशील, सर्वांसमक्ष डोळ्यांत पाणी आणशील, लोक टाळ्या वाजवतील आणि उद्या गाठोडी तशीच जातील, एक जड आणि एक हलकं. मला तुझा पश्चात्ताप नकोय. मला गाठोडी सारखी हवीत.

नाना : सारखी म्हणजे?

मालती : कड्यावरच्या हॉटेलचं सगळं एका घोड्यावर. त्याचीच दोन गाठोडी करायची, सारख्या वजनाची. लॉजचं दुसऱ्या घोड्यावर, त्याचीही दोन सारखी. आपल्याकडे वजनकाटा आहे, धूळ खातोय. मालोजीला विचारलं मी. तो म्हणाला, असं असलं तर मी गाठीला हात कशाला लावू? मलाच ताप वाचला.

नाना : एवढंच?

मालती : एवढंच. निखाऱ्यांवरून चालावं लागत नाही यासाठी.

नाना : बरं. हे करू. उद्यापासून करू. चांगली कल्पना आहे.

मालती : आणि नंदा?

नाना : नंदाचं वेगळं आहे.

मालती : काय वेगळं आहे?

नाना : ताई, काल सर्वांसमोर बोललोय मी. आता मागे घेतलं तर माझा धाक काय राहील? म्हणतील, शेट बोलतो आणि फिरतो. शिस्त म्हणून काही असते. आणि खरं सांगू का, त्या बाईत मला तसाही राम वाटत नाही. मघाशी म्हटलं ना, माणसं कळतात मला.

मालती : कळतात. ऊठ जरा. या भिंतीपाशी ये. हा फोटो कोणाचा?

नाना : हा दसऱ्याचा. उत्कृष्ट कामगार. मीच निवडली. इस्त्रीच्या मशिनवर आहे. काय तिची सफाई, एक सुरकुती दाखव तू. शाल मी स्वतः घातली, बघ.

मालती : नाव काय तिचं?

नाना : नाव खाली लिहायला सांगितलं होतं पेंटरला, राहिलं.

मालती : शाल घातलीस आणि नाव माहीत नाही.

नाना : इतक्या बाया आहेत. सगळ्यांच्या डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. तूच म्हणालीस ना, स्वच्छता हवी.

मालती : ही गोदा.

नाना : कोण गोदा?

मालती : शिमग्याला तू हाकललेली. कोंडीपेक्षा वाईट. पावसाळ्यात माणसं कमी पडली तेव्हा सुपरवायझरने परत बोलावली, इस्त्रीवर घातली. बाया तोंडातल्या तोंडात हसत होत्या तू शाल घालत होतास तेव्हा. मला वाटलं, फोटोसाठी हसत असतील. आज साईनाथने सांगितलं.

नाना : शक्य नाही.

मालती : बोलाव तिला. ती बाहेरच उभी असेल, नंदाचा तमाशा बघायला तू सगळ्यांना जमवलंयस.

नाना : पण ती तर निष्काळजी होती.

मालती : त्या टेबलावर होती. टेबलामागे घोडा होता. इस्त्रीच्या मागे घोडा नाही, म्हणून उत्कृष्ट झाली. बाई तीच. हात तेच. तू एकाच बाईला हाकललंस आणि तिच्याच गळ्यात शाल घातलीस, आणि दोन्ही वेळा तुला वाटलं की आपल्याला माणसं कळतात.

नाना : तो फोटो काढून ठेवू का?

मालती : राहू दे की. शोभतोय. खाली नाव तेवढं घाल.

(दारावर टकटक. दार लोटून नंदा आत येते. डोक्यावर टोपी, तोंडावरचं फडकं खाली ओढलेलं.)

नंदा : शेट, पाच वाजलं. समदी बाहेर जमल्यात. माइकाचा डबा पण आनून ठेवला त्या पोरांनी. काय बोलायचं हाय ता एकदा सांगा, म्हंजे एकदमच बोलते नि जाते. गोदा बोल्ली तेच बोलू का, का नवीन काय?

नाना : जरा थांब, नंदा.

नंदा : थांबून काय करायचं? मला घरी जायचं हाय, सासू भांडी बांधत बसलीय. सकाळी भट्टीची गाडी येनार. मी कालच सांगून टाकलं त्याला, येते म्हनून.

मालती : कालच? अगं, अजून तुला कोणी काढलं कुठे?

नंदा : बाई, त्या टेबलावर बसली तवाच काढली. आमच्यात त्याला चादरीचं टेबल कोन म्हनत नाय. काढायचं टेबल म्हनतात. कोंडी गेली तवा कोनी बसाया तयार नवतं. सुपरवायझर म्हनाला, ठरवा तुमी. मंग आमी चिठ्ठ्या टाकल्या. माजी निघाली.

मालती : ऐकलंस, नाना? तू म्हणत होतास, मला माणसं कळतात. चिठ्ठ्या टाकून नेमणूक झालीय.

नाना : मला कोणी बोललं नाही.

नंदा : कसं बोलायचं, शेट? तुमी इचारता, चूक कोनाची. त्याला उत्तर एकच हाय, नाव. मी नाव सांगितलं तर दुसरीची भाकरी जाते. मंग गप बसायचं. आनि गप बसलं तर म्हनता, हिचीच असनार.

नाना : तुला माहीत होतं का घोड्याचं?

नंदा : कसला घोडा? मी कदी माथेरानला गेली नाय. माज्या टेबलावरून गाठोडी बरोबर जातात, एवढं मला म्हाईत. पुढचं मला काय म्हाईत? तुमी कॅमेरा लावला तवा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आता शेटला दिसंल.

मालती : दिसलं त्याला. म्हणून तर जास्त रागावला.

नाना : ताई, पुरे आता.

मालती : का? सर्वांसमक्ष चालतं ना? इथे तर आपण तिघंच आहोत.

नाना : बाहेर सगळे उभे आहेत. माइक लावलाय. काहीतरी सांगावं लागेल मला. काय सांगू? नंदाला माफ केलं, असं सांगू का?

नंदा : माफ कशाला? मी काय केलंय?

मालती : बघ. माफीसुद्धा तुला उपकार म्हणूनच वाटायची असते. हे बघ, नाना, माइकवर जा आणि म्हण, उद्यापासून प्रत्येक हॉटेलची दोन सारखी गाठोडी बांधायची, काट्यावर घालून. एका घोड्यावर एकाच हॉटेलचा माल. बास. कोणाचं नाव घेऊ नकोस. मालोजीचं नको, हिचं नको, माझंही नको.

नाना : लोक म्हणतील, एवढ्यासाठी जमवलं?

मालती : म्हणू देत. पहिल्यांदाच कामाचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटेल त्यांना.

नंदा : दोन सारखी? म्हंजे निळं एक होतं त्याची दोन निळी?

मालती : हो. दोन निळी, दोन पिवळी. घोड्याला तोलायला गाठ सोडावी लागू नये म्हणून. वर जाऊन बघून आले मी. चादरी रस्त्यात बदलत होत्या, तुझ्या टेबलावर नाही.

नंदा : आत्ता बया. आनि तेवढ्यावरनं गोदाची होळी गेली, कोंडी गावाला गेली ती आलीच नाय परत.

नाना : कोंडीला निरोप धाडू. हवी तर येऊ दे.

नंदा : ती नाय याची. ती मुरबाडला राहिली आता.

नाना : बरं. तू काय करतेस? उद्यापासून ये. टेबलावर. काट्याचं मी सांगतो सुपरवायझरला.

नंदा : शेट, एक इचारू?

नाना : विचार.

नंदा : परत चादर चुकली तर?

नाना : चुकणार नाही आता. ऐकलंस ना, दोन सारखी गाठोडी.

नंदा : घोडा हाय, पाऊस हाय, मानसं हायती. आज घोडा निघाला, उद्या आनि काय निघंल. चुकंल कदीतरी. तवा काय कराल, ता आत्ताच सांगा. भट्टीवाल्याला मी नाय म्हटलं का तो या साली परत दारात याचा नाय. मंग तुमी दोन महिन्यांनी माइक काढला तर मी नि पोरी कुठं जाऊ? इकडं बी नाय नि तिकडं बी नाय.

नाना : तसं होणार नाही म्हणतोय ना मी.

नंदा : तसं नको, शेट. मी तुमच्या टेबलावर बसनार. मला धड काय ता कळलं पायजे.

मालती : बोल. निखाऱ्यांवरून चाललास ना. हे त्याहून सोपं आहे.

नाना : तर मी विचारीन.

नंदा : कोन चुकलं, असं?

नाना : नाही.

नंदा : मंग?

नाना : कुठे चुकलं, असं. आणि जाऊन बघेन. ताईसारखा. टेंपोतून.

मालती : पुढची सीट माझी आहे. तू मागे गाठोड्यांवर बस.

नंदा : एक फोन करू का, शेट? तुमचाच द्या, माज्यात रेंज नाय. ...आये, मी नंदा. लाँड्रीतनं. भांडी बांधली का समदी?... बरं. मंग सोड.